‘वर्ग केलं’ म्हणजे नेमकं काय केलं? फेरवर्गवारीसाठी इंग्रजी शब्द निवडताना

भाषांतराच्या कामाला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. एका मराठी पत्रात साधं वाक्य होतं: ‘सदर प्रकरण लेखा शाखेकडे वर्ग करण्यात आले आहे.’ मी ‘वर्ग’ एवढंच वाचलं आणि हात सवयीने ‘क्लासिफाइड’ टाइप करून मोकळा झाला. दोन दिवसांनी पलीकडून विचारणा आली, या प्रकरणात एवढं गोपनीय काय आहे?

प्रकरणात गोपनीय काही नव्हतं. कागदपत्रं ‘क्लासिफाइड’ आहेत म्हटलं की इंग्रजी वाचणाऱ्याला गुप्ततेचा शिक्का दिसतो. आणि मराठीतलं ‘वर्ग करणे’ म्हणजे इकडचं तिकडे पाठवणं. रक्कम वर्ग होते, फाइल वर्ग होते, खटला वर्ग होतो. तिथे हवा होता ‘ट्रान्सफर’. वर्गीकरणाशी त्या वाक्याचा काही संबंधच नव्हता.

वर्ग, वर्गवारी, वर्गीकरण, वर्ग करणे असे एकाच मुळाचे शब्द आपण दिवसभर वापरतो आणि कुठे काय म्हणायचंय ते संदर्भावरून आपोआप कळतं. इंग्रजीत या प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे आणि एकाच्या जागी दुसरं चालत नाही. ‘फेर’ लागला की गुंता वाढतो, कारण फेरवर्गवारी, फेरमांडणी, फेरवाटप, फेररचना या सगळ्यांवर उत्तर म्हणून डोक्यात एकच ‘री’ घोळत असतो. नव्याने हे काम करणाऱ्यांसाठी मी जी पद्धत वापरतो ती खाली देतो आहे.

पायरी १: हललं काय, ते आधी ठरवा

शब्दकोश बाजूला ठेवा आणि एक कपाट डोळ्यांसमोर आणा. त्याला खण आहेत, प्रत्येक खणावर पाटी आहे, आत वस्तू आहेत. आता मूळ वाक्य वाचून स्वतःला विचारा: यात हललं काय? एका खणातली वस्तू दुसऱ्या खणात गेली, की वस्तू तिथेच राहून पाटी बदलली? की खणाच्या फळ्याच सरकवल्या, एकाचे दोन केले, दोनाचा एक केला? की यातलं काहीच न होता आतल्या वस्तूंचा क्रम बदलला?

वस्तू हलली तर ‘रीक्लासिफाय’, ‘रीकॅटेगराइज’ आणि त्यांची भावंडं. पाटी बदलली तर ‘रीलेबल’ किंवा ‘रीनेम’. फळ्या सरकल्या तर ‘रीडिफाइन’. खण फुटला तर ‘स्प्लिट’, जुळला तर ‘मर्ज’, मोठ्या खणातून एक तुकडा वेगळा काढला तर ‘कार्व्ह आउट’. नुसता क्रम बदलला तर ‘रीअरेंज’ किंवा ‘सॉर्ट’. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नावर उभ्या आहेत, त्यामुळे इथे वेळ काढा.

सरावासाठी प्लूटो घ्या. १९३० साली सापडल्यापासून तो ग्रहांत मोजला जात होता. ऑगस्ट २००६ मध्ये प्रागला भरलेल्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या अधिवेशनात ‘ग्रह’ कशाला म्हणायचं याची व्याख्या ठरली. सूर्याभोवती फिरणं आणि गोलसर असणं याच्या जोडीला, आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असणं ही तिसरी अट आली आणि तिथे प्लूटो अडकला. आता हललं काय? प्लूटो होता तिथेच होता. आधी फळी सरकली आणि मग प्लूटो बटुग्रहांच्या खणात गेला. म्हणून इंग्रजीत दोन क्रियापदं लागतात: प्लॅनेट ही संज्ञा ‘वॉज रीडिफाइन्ड’ आणि प्लूटो ‘वॉज रीक्लासिफाइड’. ‘प्लूटो वॉज रीडिफाइन्ड’ असं लिहिलंत तर जाणकार वाचक तिथेच थबकेल. व्याख्या शब्दाची होते, गोळ्याची नाही.

देवमाशाची गोष्ट आणखी मजेची. अठराव्या शतकातला स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याच्या वर्गीकरणाच्या ग्रंथात तो आधी माशांत होता. १७५८ च्या आवृत्तीत लिनियसने ‘चतुष्पाद’ या अर्थाची जुनी पाटी काढून ‘सस्तन’ या अर्थाची नवी लावली आणि देवमासा माशांतून उचलून तिथे ठेवला. पाटी बदलली, खण रुंदावला, वस्तूही हलली. तिन्ही गोष्टी एका झटक्यात. अशा वेळी एकाच क्रियापदावर सगळा भार टाकू नका, दोन वाक्यं करा. (मराठीने मात्र आजही त्याला मासाच ठेवलं आहे, नावापुरता का होईना.)

निव्वळ वस्तू हलण्याचं उदाहरण हवं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मिळेल. अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, पक्षाघाताचा झटका रक्ताभिसरणाच्या विकारांच्या प्रकरणातून मज्जासंस्थेच्या विकारांच्या प्रकरणात गेला. दोन्ही प्रकरणं आधीही होती, पुढेही राहिली. मधल्या मध्ये आजार हलला. इथे ‘रीक्लासिफाइड’ अगदी चपखल बसतो.

पायरी २: साध्या क्रियापदाने भागतंय का बघा

नवशिक्याला लांब शब्दाचा मोह असतो, मलाही होता. पण ‘वी मूव्ह्ड इट टू अनदर कॅटेगरी’ हे वाक्य बहुतेक पत्रांत ‘रीकॅटेगराइज्ड’पेक्षा बरं वाचलं जातं. परिणाम सांगायचा असेल तर ‘इट नाऊ कम्स अंडर’ किंवा ‘वी नाऊ काउंट इट ॲज’ असं लिहा. कोणी, कधी, का बदललं हे सांगायची गरज नसते तेव्हा तर हेच उत्तम.

याच पायरीवर एक सवय मोडून टाका. मराठी कार्यालयीन भाषेत नाम पुढे आणि ‘करण्यात आले’ मागे असतं: ‘फेरवर्गीकरण करण्यात आले’. ते जसंच्या तसं उतरलं की ‘रीक्लासिफिकेशन वॉज डन’ तयार होतं. चूक म्हणून कोणी दाखवणार नाही, पण इंग्रजी वाचणाऱ्याला ते बोजड लागतं. नामाचं क्रियापद करा: ‘वॉज रीक्लासिफाइड’. तसंच ‘कॅटेगरीवाइज’ हा आपला लाडका शब्द. त्याच्या जागी ‘बाय कॅटेगरी’ लिहा.

पायरी ३: रीक्लासिफाय, रीकॅटेगराइज, रीग्रुप यांतला फरक

‘रीक्लासिफाय’ला नियमांचा वास आहे. ठरलेली पद्धत आहे, तिचे निकष आहेत आणि ते लावायचा अधिकार कोणाकडे तरी आहे: शास्त्रीय संस्था, करखातं, ग्रंथालय, लेखापरीक्षक. ‘रीकॅटेगराइज’ घरगुती आहे. यादी तुमची, सदरं तुम्हीच पाडलेली, मनात आलं आणि बदलली. खर्चाच्या वहीतली नोंद ‘प्रवास’मधून ‘करमणूक’मध्ये नेली तर ‘रीकॅटेगराइज’. हिशेबतपासनिसाने भांडवली खर्चातली रक्कम महसुली खर्चात नेली तर ‘रीक्लासिफाय’. सीमारेषा पुसट आहे आणि कित्येक ठिकाणी दोन्ही चालतात. शंका आली तर मी ‘रीक्लासिफाय’ घेतो, कारण तो जिभेला सोपा आहे. ‘रीकॅटेगराइज’चं शेपूट ‘एस’ने लिहा की ‘झेड’ने, एका मजकुरात एकच ठेवा.

‘रीग्रुप’ हा मात्र फसवा गडी. गट नव्याने पाडणं हा त्याचा एक अर्थ आहेच आणि गटांना पाट्या नसतील तेव्हा तोच योग्य. ताळेबंदाच्या टिपांमध्ये मागच्या वर्षीचे आकडे ‘रीग्रुप्ड’ असल्याची ओळ दिसते, ती याच अर्थाने. पण पांगलेलं सैन्य पुन्हा एकत्र येऊन सावरतं त्यालाही ‘रीग्रुप’ म्हणतात आणि रोजच्या बोलण्यात हाच अर्थ आधी पोचतो. बैठकीच्या शेवटी ‘लेट्स रीग्रुप टुमॉरो’ कोणी म्हटलं तर कोणाचेही गट बदलायचे नाहीत, उद्या पुन्हा भेटायचंय. तिसरा अर्थ शाळेत बसला आहे: अमेरिकी गणितात ‘रीग्रुपिंग’ म्हणजे आपला हातचा. मुलांच्या गणिताच्या पुस्तकाचं भाषांतर करताना ‘पुनर्गटन’ लिहिलेलं मी पाहिलं आहे. ज्या पोराला हातचा येतो त्याला पुनर्गटन कळायचं नाही.

माणसं किंवा कामं एकाकडून दुसऱ्याकडे गेली तर ‘रीअसाइन’. पैसा, वेळ, जागा यांचं फेरवाटप असेल तर ‘रीॲलोकेट’. इथे वर्ग हा मुद्दाच नाही, कोणाच्या वाट्याला काय आलं हा मुद्दा आहे.

राहिला ‘सॉर्ट’. संगणकाने याचा अर्थ पुरता वाकवला आहे. स्प्रेडशीटमध्ये ‘सॉर्ट’ दाबलं की रकाना चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लागतो. त्यातून वर्ग पडत नाहीत. हाताने टपाल वेगवेगळ्या खणांत टाकतो तेव्हा मात्र ‘सॉर्टिंग’ म्हणजे वर्गवारीच. फरक पुढच्या शब्दावरून कळतो: ‘सॉर्ट बाय डेट’ म्हणजे क्रम, ‘सॉर्ट इनटू थ्री पाइल्स’ म्हणजे ढीग. आणि ‘सॉर्ट आउट’ लिहिलंत की बहुतेक वेळा अर्थ होतो भानगड निस्तरणं. ‘आय हॅव सॉर्टेड आउट द कम्प्लेंट्स’ वाचून समोरचा समजेल की तक्रारी मिटल्या. तुम्ही तर फक्त त्यांचे गठ्ठे केले होते!

पायरी ४: मागे येणारा छोटा शब्द

क्रियापद बरोबर आणि त्यामागचं अव्यय चुकीचं, ही चूक सगळ्यात जास्त होते. मराठीत ‘अमुक वर्गात टाकलं’ म्हणतो, म्हणून हात आपोआप ‘इन’कडे जातो. ‘रीक्लासिफाय’नंतर मात्र ‘ॲज’ लागतं आणि त्यापुढे वस्तूची नवी ओळख: ‘रीक्लासिफाइड ॲज अ ड्वॉर्फ प्लॅनेट’. जुना आणि नवा, दोन्ही वर्ग सांगायचे तर ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ची जोडी. ढीग, गट, भाग पडतात तिथे ‘इनटू’. वरच्या मथळ्याखाली काही येतं तिथे ‘अंडर’. ‘असाइन’, ‘मूव्ह’, ‘ट्रान्सफर’ यांना ‘टू’.

एक छोटी पुरवणी उपयोगी पडते: ‘फॉर टॅक्स पर्पजेस’. वर्गीकरण एका कामापुरतंच असेल तर हे शेपूट जोडावं. १८९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आयात शुल्काच्या कायद्यापुरता टोमॅटोला भाजी ठरवलं. वनस्पतिशास्त्रात तो फळ आहे हे न्यायालयालाही मान्य होतं. ‘फॉर टॅरिफ पर्पजेस’ हे तीन शब्द नसतील तर वाक्य खोटं ठरतं.

पायरी ५: ‘री’ आणि मधली आडवी रेघ

ही पायरी डोळ्यांपेक्षा कानाने शिकावी. पुन्हा या अर्थाचा ‘री’ दीर्घ आणि ठसठशीत उच्चारतात. पण इंग्रजीत काही जुने शब्द असे आहेत की ज्यांची अक्षरं तीच, मात्र सुरुवातीचा ‘रि’ ऱ्हस्व आणि अर्थ भलताच. पुन्हा लावणे म्हणजे ‘री-सॉर्ट’. मधली रेघ गाळली तर तो होतो ‘रिझॉर्ट’, सुट्टीतलं ठिकाण. करारावर पुन्हा सही करणं ‘री-साइन’. रेघ गेली की ‘रिझाइन’, थेट राजीनामा. नवं कव्हर घालणं ‘री-कव्हर’. रेघ नसेल तर ‘रिकव्हर’, म्हणजे बरं होणं किंवा वसुली. ‘वी विल रिझॉर्ट द फाइल्स’ छापून गेलं तर स्पेलिंग तपासणारं यंत्रही ओरडत नाही, कारण शब्द कोशात आहे. ‘रीक्लासिफाय’, ‘रीग्रुप’, ‘रीअसाइन’ यांना असा जुळा भाऊ नाही, त्यामुळे त्यांना रेघेची गरज नाही.

‘रीऑर्डर’ला रेघ नसतेच, पण अर्थ दोन: क्रम बदलणं आणि माल पुन्हा मागवणं. गोदामाच्या कागदात दुसराच अर्थ घेतला जाणार. तिथे ‘चेंज द ऑर्डर ऑफ’ असं फोडून लिहा.

आणि ‘डी’कडेही लक्ष असू द्या. ‘डीक्लासिफाय’ म्हणजे वर्गातून काढणं नव्हे, कागदावरची गुप्तता उठवणं. यादीतून नाव काढलं तर ‘रिमूव्ह फ्रॉम द लिस्ट’ म्हणावं.

पायरी ६: शब्दाचा रंग तपासा

आतापर्यंतचे बहुतेक शब्द कोरडे होते. काही शब्द मात्र वर्ग सांगता सांगता मतही सांगून जातात. प्लूटोच्या बातम्यांत ‘डिमोटेड’ सर्रास आला. शास्त्रज्ञांनी त्याला बढती किंवा पदावनती दिली नव्हती, पण लोकांना तसं वाटलं आणि भाषेने ते वाटणं उचललं. २००६ चा शब्द म्हणून अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने तर ‘प्लूटोड’ निवडला. अर्थ, एखाद्याची किंमत उतरवणं.

प्रतवारी खाली आली तर ‘डाउनग्रेड’. घाईत ‘डिग्रेड’ लिहू नका, त्यात ऱ्हास आणि मानहानी आहे. दर्जा वर गेला की खाली हे सांगायचं नसेल तर ‘रीग्रेड’ तटस्थ आहे.

सगळ्यांना एकाच माळेचे मणी समजणं म्हणजे ‘लम्प टुगेदर’. यात तक्रारीचा सूर आहे, स्वतःच्या कामाबद्दल लिहिताना तो नको. मात्र वर्गीकरण करणाऱ्यांच्या गोतावळ्यात ‘लम्पर’ आणि ‘स्प्लिटर’ हे जवळजवळ जातिवाचक शब्द आहेत: एक थोडके मोठे वर्ग मानणारा, दुसरा बारीकसारीक फरकावर नवा वर्ग काढणारा. डार्विनच्या १८५७ च्या एका पत्रात ही जोडी आहे. माझा कल ‘लम्पर’कडे आहे, म्हणून या लेखातल्या पायऱ्या सातच केल्या.

‘पिजनहोल’ हे क्रियापद गोड वाटतं. कबुतरांच्या खुराड्यासारखे टेबलाचे कागद ठेवायचे खण, त्यावरून आलेलं. पण माणसाला ‘पिजनहोल’ केलं म्हणजे विचार न करता एका कप्प्यात कोंबलं. आणि सगळ्यांत जपून वापरायचा तो ‘सेग्रिगेट’. वस्तूंच्या बाबतीत तो चालून जातो. माणसांच्या बाबतीत त्याला वंशभेदाचा इतिहास चिकटला आहे. विद्यार्थ्यांचे, रुग्णांचे, कर्मचाऱ्यांचे गट पाडले तर ‘ग्रुप’ किंवा ‘डिव्हाइड इनटू ग्रुप्स’ लिहा.

पायरी ७: त्या धंद्याचा शब्द आहे का?

शेवटी एकदा बघा. आकडेवारीवाले एखाद्या चलाच्या (व्हेरिएबलच्या) उत्तरांचे नवे गट करतात त्याला ‘रीकोड’ म्हणतात. जमिनीच्या वापराचा विभाग बदलला तर ‘रीझोन’. ग्रंथालयात पुस्तक योग्य जागी परत ठेवणं ‘रीशेल्व्ह’. त्याचा वर्गांक बदलला असेल तरच ‘रीक्लासिफाय’. हिशेबनीस बोलताना नुसतं ‘रीक्लास’ म्हणतात, लिहिताना पूर्ण शब्द वापरावा. आणीबाणीत रुग्णांना गंभीरतेप्रमाणे लावणं ‘ट्रिआज’. हे शब्द त्या त्या माणसांसाठी लिहीत असाल तरच.

आता एक वाक्य सोडवून दाखवतो. मूळ मराठी असं: ‘“इतर” या सदरातील तक्रारींची फेरवर्गवारी करून वितरणविषयक तक्रारींसाठी स्वतंत्र सदर उघडण्यात आले असून उर्वरित तक्रारी प्राधान्यक्रमाने लावून संबंधितांकडे वर्ग करण्यात आल्या आहेत.’

हललं काय? चार गोष्टी. कोणीतरी तक्रारी पुन्हा वाचल्या. एक नवा खण केला आणि काही तक्रारी त्यात गेल्या. बाकीच्यांचा क्रम लागला. मग त्या दुसऱ्यांच्या हाती गेल्या. एका वाक्यात चार कामं, म्हणून आधी वाक्य मोडा: ‘वी वेंट थ्रू द कम्प्लेंट्स फाइल्ड अंडर अदर. दोज अबाउट डिलिव्हरी नाऊ हॅव अ कॅटेगरी ऑफ देअर ओन. वी सॉर्टेड द रेस्ट बाय प्रायॉरिटी अँड पास्ड देम टू द पीपल कन्सर्न्ड.’

यात ‘री’ने सुरू होणारं एकही क्रियापद लागलं नाही. ‘फेरवर्गवारी’ हा शब्द पहिल्या दोन वाक्यांत विरघळून गेला आणि शेवटचं ‘वर्ग’ ‘पास्ड’ झालं. तिथे ‘रीअसाइन्ड’ चाललं असतं का? तक्रारी आधीच कोणाच्या तरी नावावर असत्या तर चाललं असतं. ‘इतर’मधल्या तक्रारींना बहुधा वालीच नसतो, म्हणून नाही वापरलं.